सिनेमा सुटल्यावर काय बोलावं?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ३८, नोकरी सहकारी बँकेत. कॉलेजपासूनच्या पाच मैत्रिणींचा त्यांचा गट आहे. महिन्यातून एकदा सगळ्या मिळून सिनेमा बघतात, मग रंकाळ्यावर भेळ आणि गप्पा. पुस्तकंही एकमेकींत फिरत असतात. सहा महिन्यांपूर्वी एक ऐतिहासिक मराठी सिनेमा बघून बाहेर पडताना, जिन्यातच, या ताई म्हणाल्या, "मला तर कंटाळा आला. दुसरा भाग फारच ताणलाय." गटातल्या एका मैत्रिणीचे डोळे तेव्हा ओले होते. ती गप्प झाली. रात्री ग्रुपवर तिचा मेसेज आला, "काही जणींना काही आवडतच नाही. आम्ही बाबा साध्या प्रेक्षक." तेव्हापासून ताईंनी मत देणं सोडलं आहे. कुणी विचारलंच तर 'मस्त' म्हणतात, ग्रुपवर अंगठा पाठवतात. त्यातच त्याच मैत्रिणीनं एक जाडजूड कादंबरी वाचायला दिली. ती १०० पानांपुढे सरकलेली नाही. "कशी वाटली?" या प्रश्नाला "वाचायलोय अजून, भारी आहे" असं उत्तर देऊन झालं आहे आणि आता मैत्रिणीला शेवटाबद्दल बोलायचं आहे. ताई विचारतात, "खरं बोलून मन दुखवू, की गोड बोलून खोटं वागू? की मत देणंच बंद करू? माझ्या मैत्रिणींना रडवणारं काहीही चालतं, हे मला ठाऊक आहे. पण मी तरी कोण? मराठीची प्राध्यापक नाही, समीक्षक नाही. मला मत द्यायचा अधिकार तरी आहे का?"

ताई,

जिन्यात तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या पत्रात शब्दन् शब्द आहे. मैत्रिणीचा रात्रीचा मेसेजही जसाच्या तसा उतरवला आहे. एक गोष्ट मात्र पत्रभर शोधूनही मला सापडली नाही. त्या दिवशी तिला रडू कशानं आलं? सहा महिने तुम्ही त्या संध्याकाळचा विचार करताय आणि हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. माझ्या मते गाठ इथेच बसली आहे. म्हणून अधिकाराचा तुमचा प्रश्न थोडा बाजूला ठेवते आणि इथून सुरुवात करते.

कोल्हापुरात बसून ऐतिहासिक सिनेमा बघणारं माणूस नुसता पडदा बघत नसतं. वडिलांचं बोट धरून बघितलेली पन्हाळ्याची तटबंदी, शाळेच्या सहलीत ऐकलेली पावनखिंडीची गोष्ट, गल्लीतल्या शिवजयंतीचे पोवाडे, हे सगळं त्या अंधारात त्याच्याबरोबर असतं. तुमच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी सिनेमामुळे आलं असेल, किंवा तो प्रसंग बघताना आठवलेल्या घरातल्या कुणामुळे आलं असेल. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तुम्ही बोललात ते सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल. तिनं ऐकलं ते बहुधा असं, की ज्यानं मला हलवून सोडलं त्याचा हिला कंटाळा आला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आपल्याकडे तिचा फार घोळ होतो. थोर माणसावरचा सिनेमा फसू शकतो आणि तो फसला असं म्हटल्यानं त्या थोर माणसाचा अनादर होत नाही. लढाया लांबल्या, संवाद नुसते टाळ्यांसाठी लिहिल्यासारखे वाटले, पात्रं पुतळ्यांसारखी उभी राहिली, तर ते बोललं गेलंच पाहिजे. ज्याचा त्या इतिहासावर जीव आहे त्यानं तर सगळ्यात आधी बोललं पाहिजे. आपल्या बोलण्याचा भलताच अर्थ काढला जाईल या धाकानं हल्ली चांगली चांगली माणसं तोंड मिटून बसतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हा कंटाळा आला असं तुम्ही सांगितलंत, यात तुमचं काही चुकलं नाही. फक्त जिला तो विषय इतका जवळचा आहे तिला हेही कळायला हवं होतं, की विषय तुम्हालाही जवळचा आहे. एखादा प्रसंग तुम्हालाही भिडला असेल. तो आधी बोलला गेला असता, तर "मध्ये मात्र मला जरा कंटाळा आला बघ" हे तिनं सहज ऐकून घेतलं असतं, कदाचित मान्यही केलं असतं. काहीच भिडलं नसेल तर उगाच शोधून काढू नका. तोंडदेखलं कौतुक जुन्या मैत्रिणींना लगेच ओळखू येतं.

आता ती जागा आणि ती वेळ. सिनेमा न आवडलेला माणूस दिवे लागायच्या आधीच मनानं बाहेर पडलेला असतो. गाडी कुठे लावली, भेळ कुठे खायची, हे त्याच्या डोक्यात सुरू झालेलं असतं. ज्याला आवडला तो अजून आतच असतो, जिन्यावरून त्याचे नुसते पाय उतरत असतात. अशा दोघांची गाठ जिन्यात पडते आणि पहिला बोलतो तो न आवडलेला, कारण त्याच्याकडे शब्द तयार असतात. भारावलेल्या माणसाला शब्द सापडायला वेळ लागतो. त्यामुळे बहुतेक वेळा नावडीचं मत आधी आणि ठामपणे येतं, आवडीचं मत मग अंग चोरत येतं किंवा येतच नाही. कुणी मुद्दाम करत नाही हे, पण दर वेळी होतं. तेव्हा जिन्यात मत नको. रंकाळ्यापर्यंत दुसरं काहीही बोला. भेळ हातात येऊ दे. तोवर तिला शब्द सापडतील, आणि तुमचा पहिला वैतागही निवेल. कित्येकदा तासाभरानं आपल्याच लक्षात येतं की सिनेमा इतका काही रटाळ नव्हता, आपण मार्चअखेरची कामं उपसून थकून आलो होतो. बँकेत काम करणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

आणि बोलायला सुरुवात मतानं करायलाच हवी असंही नाही. "तुला कोणता प्रसंग लक्षात राहिला?" हा प्रश्न "कसा वाटला?" या प्रश्नापेक्षा किती तरी चांगला आहे. 'कसा वाटला' म्हटलं की माणूस निकाल देतो, मस्त किंवा बेकार, आणि पुढे बोलायला काही उरत नाही. कोल्हापुरात तर एकदम 'नाद खुळा' नाहीतर एकदम 'फालतू', मधलं कुणी काही म्हणतच नाही. प्रसंग विचारला की माणूस सांगू लागतो. पाच जणींना पाच वेगळे प्रसंग आठवतात, एकीला जो फारच आवडला तो दुसरीनं बघितलेलाच नसतो, आणि सिनेमा सुमार असला तरी संध्याकाळ चांगली जाते.

आता तिच्या मेसेजकडे येते. "आम्ही बाबा साध्या प्रेक्षक." या वाक्यात सिनेमाबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या बोलण्यातून तिनं स्वतःची पायरी ऐकली, की हिला कळतं आणि मला कळत नाही. तुम्ही असं म्हणाला नव्हता, खरं आहे. पण रागावू नका, तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुमच्यापुढे ठेवते. "माझ्या मैत्रिणींना रडवणारं काहीही चालतं." हे तुम्ही मला लिहिलंत, त्यांना कधी बोलून दाखवलं नसेल. तरी कॉलेजपासूनच्या मैत्रिणींपासून असलं काही लपत नाही. सिनेमा चालू असताना मोबाईल काढला होता का, शेजारी कुणी नाक ओढलं तेव्हा दुसरीकडे बघून हसला होता का, हे तुमचं तुम्हीच आठवून पाहा. रडणं म्हणजे समज कमी, असं मनात कुठेतरी असेल तर मत कितीही मऊ शब्दांत दिलं तरी ते टोचणारच. आणि तसं समजायला आधार काय? सहज रडणारी माणसं पुष्कळदा फार बारकाईनं बघत असतात. कुणाच्या नुसत्या मान खाली घालण्यानं, कुणी न बोलता ताट पुढे सरकवल्यानं त्यांना भरून आलेलं असतं. तुमच्या-माझ्या नजरेतून निसटलेलं त्यांनी टिपलेलं असतं.

तिचंही चुकलं हे मी झाकणार नाही. बोलायचं होतं तर फोन करायचा होता. सगळ्यांच्या देखत 'काही जणींना' म्हणून टोमणा मारायचा आणि वर साधेपणा मिरवायचा, हे मैत्रीत शोभत नाही. पण तिनं तो रात्री मारला, म्हणजे संध्याकाळभर ती ते मनात घेऊन फिरली होती. त्यामागचं दुखणं मोठं असणार.

तुमचा अधिकाराचा प्रश्न आता घेते. गंमत अशी की एकाच दमात तुम्ही मैत्रिणींपेक्षा एक पायरी वर आणि प्राध्यापकांपेक्षा एक पायरी खाली जाऊन उभ्या राहिला आहात. या पायऱ्या आल्या कुठून? तुम्ही राहता त्या गावाकडेच बघा. बाबूराव पेंटरांनी इथे सिनेमा उभा केला तेव्हा ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. कॅमेरासुद्धा खटपट करून इथेच बनवला. 'सैरंध्री' १९२० ची. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात काढली, पुण्याला ती १९३३ साली गेली. यांतलं कुणीही सिनेमाची पदवी घेऊन आलेलं नव्हतं, अशी पदवी तेव्हा नव्हतीच. ज्यांनी सिनेमा घडवला त्यांना कुणी अधिकार विचारला नाही, आणि त्यांचा पुढचा सिनेमा निघणार की नाही हे तिकीट काढून आत बसलेल्या माणसांच्या बोलण्यावर ठरत होतं. ती माणसं घरी जाऊन शेजाऱ्याला काय सांगतात, यावर. तुम्ही त्याच माणसांच्या नाती-पणती आहात.

समीक्षकाचं काम मी कमी लेखत नाही. चांगली समीक्षा वाचून आपल्याला आधी न दिसलेलं दिसू लागतं. पण समीक्षक आपल्या वाचकाला ओळखत नाही, म्हणून त्याला कारणं द्यावी लागतात, आधीचं काय काय आहे ते सांगावं लागतं, तोलून लिहावं लागतं. मैत्रिणीचं तसं नाही. मैत्रीण मला ओळखते आणि मी तिला. ती "मला झोप आली" म्हणाली की मला कळतं, ही मारामारीच्या सिनेमात झोपते, म्हणजे मला चालेल. दुसरी "सुंदर आहे" म्हणाली की मला कळतं, यात नक्की घरातली माणसं दुरावून शेवटी एकत्र येत असणार. तिचं मत पुराव्यानिशी नसतं, तरी मला उपयोगी पडतं, कारण ते तिचं असतं.

ग्रंथालयात बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथे किंवा गल्लीतल्या एखाद्या लहान वाचनालयात काउंटरपाशी थोडा वेळ उभ्या राहा. परत आलेलं पुस्तक हातात घेऊन पुढचा माणूस विचारतो, "कसं आहे हो हे?" आणि परत करणारा त्याला दोन वाक्यांत सांगतो. कुणी कुणाला शिक्षण विचारत नाही. याच पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेले शेरेही असतात, 'अप्रतिम', 'बकवास', आणि कधी कधी तर मध्यावरच लिहून ठेवलेलं असतं की शेवटी नायिका मरते. शेवट असा फोडणं हा वाचकावरचा अन्याय आहे आणि तो कुणीही करू नये, अगदी "तुला माहीतच असेल" असं म्हणूनसुद्धा नाही. पण त्या शेऱ्यांबद्दल मला खटकतं ते वेगळंच. ज्यानं 'बकवास' लिहिलं त्याला 'का रे?' असं विचारता येत नाही. मोबाईलवरच्या ताऱ्यांचंही तसंच, साडेतीन तारे देणारा माणूस कोण, तो कशावर हसतो, कशावर रडतो, काही कळत नाही. तुमच्या मैत्रिणीला मात्र विचारता येतं, आणि तिला तुम्हाला. पाच जणींनी महिन्यातून एकदा एकत्र जाण्यात जे काही मोलाचं आहे, ते हेच आहे.

म्हणूनच मत देणं बंद करायचा तुमचा तिसरा पर्याय मला मुळीच पटत नाही. गप्प राहणं निरुपद्रवी वाटतं, पण भरभरून बोलणाऱ्या बाईनं अचानक अंगठे पाठवायला सुरुवात केली की ते सगळ्यांना दिसतं. बाकीच्या तिघी आता तुमच्यासमोर आणि तिच्यासमोरही जपून बोलत असतील. जिच्यासाठी तुम्ही गप्प बसलात तिचं तर दुहेरी नुकसान झालं. वाद घालायला कुणी उरलं नाही, आणि ते आपल्यामुळे झालं हेही तिला कळतंय. काही प्रसंगी गप्प बसावं, हे मान्य. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे तिथे 'शेवट बटबटीत होता' हे सांगायची घाई नको. मैत्रिणीच्या मुलानं एकांकिकेत काम केलं असेल तर तिथे आपल्याला समीक्षा मागितलेलीच नसते. त्यानं खरोखर काय चांगलं केलं ते शोधून सांगावं, आणि तो पुढे स्वतःहून विचारेल तेव्हा बाकीचं. पण हे अपवाद झाले. दर महिन्याला गप्प बसायला ही कारणं पुरत नाहीत.

खरं की गोड, ही तुमची निवडही मला नीट मांडलेली वाटत नाही. "मला कंटाळा आला" आणि "दुसरा भाग ताणलाय" ही दोन वाक्यं तुम्ही एका श्वासात बोललात. पहिलं तुमच्याबद्दल आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. दुसरं सिनेमाबद्दल आहे, त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण ज्या मैत्रिणीला तो भाग लांब वाटलाच नाही, तिला त्या क्षणी आपलं घड्याळ चुकलं की काय असं वाटून जातं. म्हणून हळव्या क्षणी स्वतःबद्दलचं बोलावं, आणि वाद रंगात आला की खुशाल सिनेमाचं बोलावं. प्रत्येक वाक्यामागे 'हे आपलं माझं मत' अशी शेपटी लावायला मात्र मी सांगणार नाही. तसं बोलणं मीटिंगमध्ये ठीक आहे. मैत्रिणींमध्ये कुणीतरी टेबलावर थाप मारून "बेकार सिनेमा!" म्हणावं, दुसरीनं "तुला काय कळतंय!" म्हणावं, यात मजा आहेच. ती मजा ज्यांच्याबरोबर जमते त्यांच्याबरोबर जरूर करा. तुमच्या पाचांत अशी एखादी असेलच, जिला भांडायलाच आवडतं. तिच्याशी फोनवर तासभर भांडा. सगळ्या मैत्रिणींनी सगळ्या प्रकारे आपलं ऐकलं पाहिजे, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

ग्रुपवर मात्र हा वाद कधीच करू नका, कारण तिथे आवाज नसतो. "मला नाही आवडला" हे समोर हसत म्हटलं तर गप्पांना सुरुवात होते. तेच रात्री साडेदहाला टाईप झालं की ती नोटीस होते. ग्रुपवर वेळ ठरवा, तिकिटं ठरवा, आणि मतं रंकाळ्यासाठी ठेवा.

कादंबरीचं दुखणं सिनेमापेक्षा वेगळं आहे आणि मला तेच जास्त नाजूक वाटतं. सिनेमा तुम्ही पाच जणींनी एकाच वेळी, एकाच अंधारात बघितलेला असतो. पुस्तक तसं नसतं. तिनं ते कधी वाचलं? कदाचित एकोणिसाव्या वर्षी, होस्टेलवर, रात्र जागून. तुम्ही ते ३८ व्या वर्षी वाचताय, स्वयंपाक आणि बँक उरकून, झोपेआधीच्या अर्ध्या तासात. तीच पानं, पण वाचन एक नाही. ती जेव्हा पुस्तक हातात देते तेव्हा ती तुम्हाला आपलं ते वय दाखवत असते. त्यात आपला जिल्हा म्हणजे जाड पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, आणि ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिलेले. इथल्या कित्येक घरांत या लेखकांची पुस्तकं म्हणजे घरातली वडीलधारी माणसंच. कुणी त्यांतलं एखादं अर्धवट ठेवलं तर देणाऱ्याला ते अंमळ लागतं. तुमच्या हातात कोणती कादंबरी आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिचा आग्रह बघता ती तिच्या आयुष्यात बरीच आत गेलेली असावी.

तरीही "भारी आहे" हे खोटं टिकणार नाही. शेवटावर बोलायची वेळ आली की तुम्हाला इंटरनेटवर सारांश शोधावा लागेल, आणि तो वाचून दिलेली मतं ऐकताना तिला पहिल्या दोन मिनिटांत कळेल. कादंबरी अपुरी ठेवल्याचं कुणाला फारसं दुःख होत नाही. वाचलीच नाही आणि वाचल्याचं सांगितलं, हे मात्र लक्षात राहतं. तेव्हा तिनं विषय काढायची वाट न बघता तुम्हीच सांगा. अगदी असं, "अगं, खरं सांगतो, शंभर पानांवर अडकलोय मी. तू विचारलंस तेव्हा तुला वाईट वाटू नये म्हणून भारी म्हटलं. तुला यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण कोणतं? तेवढं तरी मी वाचून काढतो." मग ते प्रकरण खरंच वाचा. पुढची पानं ओढून न्यायची सक्ती नाही. पुस्तक सोडून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तिनं बोट ठेवलेली वीस पानं वाचण्याएवढा तिच्यावर तुमचा जीव आहे, नाहीतर तुम्ही हे पत्रच लिहिलं नसतं. ती पानं वाचून पुन्हा आवडली नाहीत तर तसं सांगा, का आवडली नाहीत ते तिच्याबरोबर शोधा. निदान आता तुम्ही दोघी एकाच पानाबद्दल बोलत असाल.

इतर वाचकांसाठीही सांगते, पुस्तक देतानाच "नाही जमलं तर तसंच परत दे, मी काही विचारणार नाही" असं म्हणायची सवय लावून घ्या, आणि मग खरंच विचारू नका. पुस्तक वाचून झालं की लोक आपणहून बोलतात. ज्यांनी वाचलं नाही ते टाळतात, त्यांना टाळू द्या. आणि वाढदिवसाला भेट म्हणून दिलेल्या पुस्तकाची चौकशी तर कधीच करू नये.

आता त्या संध्याकाळचं काय करायचं. ग्रुपवर नाही, फोनवरही नाही, तिला एकटीला भेटा. मत दिल्याबद्दल माफी मागू नका, त्याची गरज नाही. त्यानं पुढच्या वेळी तुमचं आणि तिचं, दोघींचंही तोंड बांधलं जाईल. "त्या दिवशी तुझं ऐकायचंच राहून गेलं. तुला कुठल्या प्रसंगाला भरून आलं होतं?" एवढं विचारा आणि मग मध्ये बोलू नका. ती सांगेल त्यावर "हो, पण" नको. ती कदाचित "जाऊ दे ग, जुनी गोष्ट" म्हणून उडवून लावेल, तर तेही चालेल. तुम्ही विचारलंत हे तिच्यापर्यंत पोचलेलं असेल. टोमण्याबद्दल तुम्हाला लागलं असेल तर तेही त्याच बैठकीत सांगा, पण तिचं ऐकून झाल्यावर. "ग्रुपवर तसं लिहिलंस ते मला लागलं" एवढंच पुरे.

पुढच्या महिन्यात सिनेमाला जाल तेव्हा पुन्हा बोलायला लागा, भेळ हातात आल्यावर. आवडला तर का आवडला हेही सांगा. नावडीची कारणं आपण दहा देतो आणि आवडलं की 'मस्त' म्हणून थांबतो, ते बदला. तुम्हाला काय आवडतं हे मैत्रिणींना ठाऊक असलं की तुम्हाला काय आवडत नाही हे ऐकायला त्या तयार असतात. "काही जणींना काही आवडतच नाही" हे वाक्य तिथूनच आलं असण्याची मला दाट शंका आहे. एवढं करूनही ती टोचूनच बोलत राहिली, तर मात्र प्रश्न सिनेमाचा नाही असं समजा. मग दुसरं काही आहे का, पैशाचं, घरचं, तुमच्या बढतीचं, ते बघावं लागेल, आणि त्यासाठी मला पुन्हा लिहा.

आणखी एक करून बघा. सिनेमा निवडायची पाळी एकदा तुम्ही मागून घ्या. थिएटरला नको, कुणाच्या तरी घरी, रविवारी दुपारी, चहा आणि कांदाभजी करून. तुमचा सगळ्यात लाडका सिनेमा लावा, जो बघताना तुम्हाला काहीतरी होतं, आणि चौघींना शेजारी बसवून बघा. अर्ध्यातच एखादीला डुलकी लागेल. संपल्यावर ती तोंडावर म्हणेल, "झोप आली ग मला, काय तरीच संथ आहे." तेव्हा जे वाटेल ते वाटू द्या, आणि मग तिला विचारा, "कुठपासून झोपलीस?" तिथपासून परत लावायचा.